तुमचा पहिला आलेख कसा फसला? (अनुभव लिहा)

टिळकवाडीकर
काल माळा आवरताना बाबांची पावसाची वही सापडली. खानापूरला होतो तेव्हा अंगणात लोणच्याची बरणी ठेवून रोज सकाळी पट्टी घालून पाणी मोजायचे. वहीत आलेखाचे कागद, पेन्सिलीचे खांब, जुलैचा खांब मावेना म्हणून वर दुसरा तुकडा डकवलाय! ते बघून माझा एक्सेलमधला पहिला पाय चार्ट (गोल भाकरीचे तुकडे करतात तसला आलेख) आठवला. १४ तुकडे, थ्रीडी, १४ रंग. साहेब म्हणाले, रांगोळी बरी आहे, पण जास्त खप कुठल्या मालाचा? मलाच सांगता येईना. आता चार-पाचाच्या वर गेलं की गपचूप आडवे बार, मोठ्यापासून लहानापर्यंत. तुम्ही कसं शिकलासा? लिवा की.

निपाणीची सून
कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर लिहिते. २०११ च्या जनगणनेची फाईल नव्या फाईलला जोडायची होती, व्हीलुकअप (एका तक्त्यातलं नाव दुसऱ्यात शोधून आकडा आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला) लावलं तर सगळीकडं एनए एनए, म्हणजे सापडलंच नाही, दोन दिवस फॉर्म्युलाच तपासत बसले आणि शेवटी बघते तर जुनीत बेलगाम, नवीत बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ ला नावं बदलली ना, विजापूरचं विजयपुरा, गुलबर्ग्याचं कलबुर्गी तसंच. आता आधी जुन्या-नव्या नावांचा तक्ता करते, जिल्ह्याचा कोड असला तर त्याच्यावरच जोडते. झाली शिट्टी.

शहापूरचा बाळ
म्हणजे नावावरनं कंप्युटरपण भांडूलाय 😂 व्हीलुकअप काहीपण म्हणूदे, आपण बेळगावच म्हणणार

निपाणीची सून
भाऊजी तुम्ही म्हणा, रिपोर्ट मला द्यायचा असतोय

संकेश्वरवाला
डेअरीच्या मीटिंगला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, दर माणशी सरासरी १५ लिटर दूध येतं. मागनं एक मामा उठले, "१५ लिटरवाला कोण गा? हात वर कर." एक हात नाही. घालणारे १०, त्यातले ९ जण ५-५ लिटरवाले, एकट्याचा मोठा गोठा, १०५ लिटर. मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीनं लावून मधला, काढला असता तर सरळ ५ आला असता. मामा चौथी पास.

अथणीकर
पावसाचं तेच. तिकडं कणकुंबीला कपडे वाळंनात, इकडं आमच्यात टँकर, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. जिल्ह्याची सरासरी घेऊन काय करायचं? तालुकावार नकाशा रंगवला तेव्हा कुठं साहेबांना दिसलं. रंगावरनं पण मीटिंगमध्ये अर्धा तास गेला. भगवा घेतला तर एक जण बघतोय, लाल-पिवळा, म्हणजे कन्नड झेंड्याचा, घेतला तर दुसरा. शेवटी निळा, फिकटपासून गडद.

शहापूरचा बाळ
निळ्यावर कोण बोललं नाही? नशीब

गोगट्यांची पोर नव्हे
कॉलेजात सरांनी चार तक्ते दिले, प्रत्येकात ११ जोड्या, म्हणाले सरासरी काढा. चारींची तीच. सहसंबंध, म्हणजे जोडीतले दोन आकडे किती बरोबरीनं वाढतात त्याचं माप? चारींचा ०.८२ च्या आसपास. आम्ही म्हटलं एकच तक्ता चारदा दिलाय. मग ठिपके मांडायला लावले: एक बऱ्यापैकी तिरकी रेघ, दुसरी चक्क कमान, तिसऱ्यात एकच ठिपका फटकून, चौथ्यात १० एकावर एक उभे आणि एक लांब कोपऱ्यात. अॅन्स्कोंब म्हणून संख्याशास्त्रज्ञ, त्यांनी १९७३ ला मुद्दाम बनवलेले. तेव्हापासून आकडे हातात आले की आधी ठिपके मांडते. बसमध्ये आहे, चुका पोटात घाला.

खानापूर अक्का
कुठल्या गल्लीत होतासा तुम्ही? आमच्या शेजारी पण एक जण बरणी ठेवायचे, आम्ही पोरं त्यात दगड टाकायचो 🙈

टिळकवाडीकर
अक्का!! म्हणजे त्या वर्षीचा ऑगस्ट तुमच्यामुळं वाढलाय काय

संकेश्वरवाला
दगड राहूदे, लोणच्याची बरणी म्हणजे तोंड बारीक आणि पोट मोठं. पाणी पोटात पसरतंय, उंची कमी भरणार. सरळ उभ्या भांड्यातच मिलिमीटर बरोबर येतात.

टिळकवाडीकर
आयला. म्हणजे खरा पाऊस वहीतल्यापेक्षा जास्तच. जुलैवर अजून एक तुकडा डकवायला लागणार.