सूट आहे, पण सरसकट नाही

"अनेक देशांनी करार करून उभारलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांना कुठलाच कायदा लागू होत नाही" हे म्हणणं मला पटत नाही. फ्रान्समधल्या कादाराशचा 'ईटर' हा फ्युजन (अणुकेंद्रं एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याचा) प्रकल्पच घ्या. भारतासह सात सदस्य, करार २००६ चा. संस्थेला कोर्टकचेरीपासून संरक्षण आहे, करांतही सूट आहे. करांतली सूट मला तरी रास्त वाटते. सदस्य रोख पैशांपेक्षा वस्तूच जास्त देतात. भारताच्या वाट्याचा क्रायोस्टॅट, म्हणजे फ्युजनच्या यंत्राला बाहेरून वेढणारा सुमारे ३० मीटर उंचीचा स्टीलचा अवाढव्य डबा, लार्सन अँड टुब्रोने गुजरातेतल्या हजिऱ्यात भागाभागांत बनवला आणि बोटीने पाठवला. अशा प्रत्येक तुकड्यावर कस्टम ड्यूटी लावायची म्हणजे वर्गणी घेऊन आलेल्याकडून दारात तिकीट मागण्यासारखं!

पण त्याच कराराच्या १४व्या कलमात अणुसुरक्षा, किरणोत्सारापासून संरक्षण, परवाने याबाबत यजमान देशाचे कायदे पाळायचे असं स्वच्छ लिहिलंय. आणि ते नुसतं कागदावर नाही. जानेवारी २०२२ मध्ये फ्रेंच अणुसुरक्षा प्राधिकरणाने टोकामॅकच्या, म्हणजे फ्युजनच्या मुख्य यंत्राच्या, जोडणीचा पुढचा टप्पा अडवला. किरणोत्सार रोखण्याची व्यवस्था, इमारतीवरचा भार, व्हॅक्यूम व्हेसलचं (यंत्राच्या आतल्या निर्वात पात्राचं) वेल्डिंग यांवर त्यांचे प्रश्न होते. तिथे इम्युनिटीचा कागद पुढे करून भागलं नाही.