अथेन्स २००४ : व्हांडरलेईला त्या माणसानं धरलं नसतं तर गोल्ड त्याचंच होतं ना?

पहाटपळ्या
अथेन्स ऑलिंपिकची पुरुषांची मॅरेथॉन परत बघितली आणि परत तेवढाच संताप आला. ब्राझीलचा व्हांडरलेई डी लिमा निम्म्या अंतराच्या आसपास सुटला तो एकटाच पुढं पळत होता, साधारण सात किमी राहिलेले, आणि एक किल्ट घातलेला माणूस, पाठीवर बायबलच्या भविष्यवाणीचा बोर्ड, सरळ रस्त्यात घुसतो, त्याला मिठी मारल्यासारखं धरतो आणि रेटत रेटत कडेच्या गर्दीत नेऊन घालतो. ऑलिंपिकमध्ये! शेवटी ब्रॉन्झ मिळालं. माझ्या मते गोल्ड त्याचंच होतं. पण आमच्या रनिंग ग्रुपवर एक जण म्हणतो तो तसाही मागे पडणारच होता. फुल मॅरेथॉन पळणाऱ्यांनी सांगा ना, एवढ्या धक्क्यानं खरंच किती फरक पडतो?

स्टॉपवॉच_सातारा
आधी टायमिंग बघू. गोल्डवाला इटलीचा बाल्डिनी २:१०:५५, सिल्व्हरवाला अमेरिकेचा केफ्लेझिगी २:११:२९, व्हांडरलेई २:१२:११. म्हणजे बाल्डिनीच्या मागे ७६ सेकंद. धरलं तेव्हा लीड अर्ध्या मिनिटाच्या आसपास होता, आणि आधी तो जास्त होता, हळूहळू खाली येत होता. झटापटीत थेट गेलेला वेळ फार तर पंधरा-वीस सेकंद धरा. बाल्डिनी शेवटचा टप्पा काय जबरदस्त पळलाय तेही बघा, त्याचं गोल्ड फुकटचं होतं असं कोणी म्हणू नये. त्या दिवशी पॉल टरगाटसारखा वर्ल्ड रेकॉर्डवाला दहावा आला होता.

पेडररोडची_चढण
दादा, सेकंद मोजून हे कळत नाही. तो रूट मॅरेथॉन गावातून निघतो, दहापासून एकतीसपर्यंत जवळजवळ चढच, त्यात ऑगस्टमधलं अथेन्स. एवढं करून उतार लागल्यावर पाय एका लयीत पडत असतात, तीच लय तुम्हाला फिनिशपर्यंत नेते. मुंबई फुलला परतीच्या चढावर एक जण व्हिडिओ काढत आडवा आला, मी जेमतेम दोन पावलं थांबले आणि परत पाय उचलला तर पोटरीत असा गोळा आला की पुढे कितीतरी वेळ लंगडत गेले. आणि मला तर कोणी हातही लावला नव्हता! त्याला अनोळखी माणसानं धरून ढकललंय, त्या क्षणी याच्या हातात चाकू आहे की काय हेही माहीत नसतं, छातीत धडधडत असताना पेस कुठून धरायचा? जिंकलाच असता असं मीही छातीठोक सांगणार नाही, पण ते ७६ सेकंद त्याचे एकट्याचे नाहीत.

कोल्हापूरकर_७७
त्याला सोडवणाऱ्या माणसाचं नाव कोणीच घेत नाही. पोलिव्हिओस कोसिव्हास, ग्रीक प्रेक्षक, त्यानं गर्दीत शिरून व्हांडरलेईला ओढून बाहेर काढलं. एक प्रेक्षक रेस मोडतो आणि दुसरा ती वाचवतो.
एक शंका. बाहेरच्याची मदत घेतली म्हणून बाद नाही का करत? १९०८ ला लंडनमध्ये डोरांडो पिएत्री पहिला येऊन बाद झाला होता ना?

स्टॉपवॉच_सातारा
पिएत्री दमून कोसळत होता आणि ऑफिशियल लोकांनी त्याला उभं करून लाइनपार नेलं. इथं पळणाऱ्याला फक्त हल्ल्यातून सोडवलंय, पुढे पळवलेलं नाही. दोन्हींची तुलनाच नको.

निशिगंधा_पुणे
मला सगळ्यात जास्त राग बंदोबस्ताचा येतो. त्याला धरणारा तो होरान, आयर्लंडचा माजी पाद्री, आदल्याच वर्षी २००३ मध्ये सिल्वरस्टोनला चालू फॉर्म्युला वन रेसमध्ये ट्रॅकवर धावला होता! असा माणूस लीडरपर्यंत पोचतोच कसा? शिक्षा काय, तर एक वर्षाची सस्पेंडेड आणि तीन हजार युरो दंड. ब्राझीलनं दुसरं गोल्ड मागितलं ते क्रीडा लवादानं फेटाळलं. २००२ च्या विंटर ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगला दिलंच होतं की कॅनडाच्या जोडीला. जजनं घोळ केला तर गोल्ड, आणि रस्ता सांभाळता आला नाही तर खिलाडूवृत्तीचं कुबर्तँ मेडल देऊन मोकळे?

पेडररोडची_चढण
ताई, कुबर्तँ मेडल फार थोड्यांना मिळतं, त्याला कमी लेखू नका. आणि २०१६ ला रिओमध्ये माराकाना स्टेडियमवर ऑलिंपिक ज्योत त्याच्याच हातानं पेटली.

पहाटपळ्या
सगळ्यांना थँक्स. आकडे पटले, गोल्ड नक्की त्याचंच होतं असं आता म्हणणार नाही. पण दुसरं गोल्ड द्यायला हवं होतं या मताला मी चिकटून आहे, निशिगंधाताईंचा स्केटिंगचा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

स्टॉपवॉच_सातारा
माझा विरोधच राहील. स्केटिंगमध्ये निकाल मार्कांवर होता, इथं बाल्डिनी स्वतःच्या पायांनी पहिला आलाय. मात्र एक बघ, चौथा आलेला जॉन ब्राऊन २:१२:२६, फक्त पंधरा सेकंद मागे. एवढं होऊनही व्हांडरलेईनं ब्रॉन्झ जाऊ दिलं नाही आणि स्टेडियममध्ये हात पसरून विमानासारखा डुलत आला. त्या शेवटच्या सात किमीवर स्वतंत्र धागा काढ, मी लिहितो.