नमुन्याबाहेरचा वास कुत्र्याला कितपत ओळखता येतो?

कंदील: मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्रेडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. प्रशिक्षणात कुत्र्याला ठरावीक नमुनेच हुंगवले जातात. प्रत्यक्षात मात्र स्फोटक दुसऱ्याच कारखान्यातले, कशात तरी कालवलेले किंवा डिझेलच्या वासाआड दडवलेले असू शकते. मग पूर्वी कधीच न हुंगलेला हा वास त्याला ओळखीचा का वाटावा?

रसायनी: दडवलेले आणि कालवलेले यांत फरक करायला हवा. डिझेलआड दडवलेल्या पदार्थाचा वास कुत्र्याला पुष्कळदा वेगळा काढता येतो. कालवलेल्याचे तसे नाही. शुद्ध आरडीएक्सची वाफ सामान्य तापमानाला जवळजवळ होतच नाही, त्यामुळे आरडीएक्सपासून बनवलेल्या सी-४सारख्या स्फोटकात कुत्रा बहुधा त्यात उरलेल्या सायक्लोहेक्झानोनसारख्या द्रावकाचा माग काढतो. साहजिकच, बनवण्याची रीत बदलली की त्याच्या दृष्टीने वासही बदलतो. घरगुती स्फोटकांत वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम क्लोरेटवर अमेरिकी लष्करी कुत्र्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शुद्ध क्लोरेट अचूक ओळखणाऱ्या त्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना तेच क्लोरेट इंधनात मिसळल्यावर ओळखता आले नाही. तेव्हा ‘कुत्र्याला एक वास शिकवला म्हणजे त्या पदार्थाची सगळी रूपे शिकवली’ हे गृहीतक मला तरी धोक्याचे वाटते.

निवृत्त हस्तक: वरील प्रतिसादाशी सहमत आहे. श्वानपथकात हस्तक म्हणून, म्हणजे कुत्रा हाताळणारे म्हणून, आमचा खरा झगडा नमुन्यांशीच असे. एकाच पेटीत ठेवलेले नमुने एकमेकांचा वास धरतात आणि मग कुत्रा नेमके काय शिकला, हे कोणालाच सांगता येत नाही. नमुना नेहमी आपणच उघड्या हाताने लपवला, तर कुत्रा आपल्याच हाताचा वास शोधू लागतो. प्रमाणाचेही तसेच आहे: कायम चिमूटभर नमुन्यावर तयार झालेला कुत्रा मोठ्या साठ्यापुढे गोंधळू शकतो, हे ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. म्हणून वेगवेगळ्या उत्पादकांचे, ताजे-जुने, कमी-अधिक वजनाचे नमुने आणि त्यांच्याबरोबर मुद्दाम ठेवलेले रिकामे डबे, एवढा पसारा मांडावाच लागतो. अनोळखी वास ओळखण्याची तयारी या वैविध्यातून होते. नुसत्या तीक्ष्ण नाकावर ती होत नाही.

कंदील: दोघांचेही आभार. पण नमुना अनोळखी असताना कुत्रा हस्तकाकडे पाहून अंदाजाने बसत, म्हणजे ‘सापडले’ असा इशारा देत, नसेल कशावरून?

रसायनी: ही शंका रास्त आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुठेही वास ठेवलेला नव्हता. हस्तकांना मात्र तो आहे असे सांगितले होते. कुत्रा आणि हस्तक अशा १८ जोड्यांच्या १४४ शोधफेऱ्यांत २२५ चुकीचे इशारे नोंदले गेले आणि केवळ २१ फेऱ्या निर्दोष ठरल्या. त्यामुळे नव्या नमुन्याची चाचणी घेताना तो कुठे ठेवला आहे, हे हस्तकाला आणि शेजारी उभ्या असलेल्या परीक्षकालाही ठाऊक नसावे.