अनुभव धागा: चाळिशी-पन्नाशीतली दिवसाची पेंग

जेवणानंतर डोळे जड होणं ही काही तक्रार नव्हे. दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळातच उतार असतो आणि वामकुक्षी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण काहींना भलत्या वेळी झोप येते: सिग्नलला, मीटिंगमध्ये, समोरचा बोलत असताना. घरचे "वय झालं" म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. तुमच्या बाबतीत कारण काय निघालं ते लिहा. नुसता थकवा नको. थकलेल्याला आडवं व्हावंसं वाटतं, झोप लागतेच असं नाही.

घाटवाट
घोरणं आमच्या घराण्यातच आहे, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. बायको सांगायची, घोरता घोरता आवाज बंद पडतो आणि मग हिसका देऊन श्वास सुरू होतो. मी म्हणायचो, बरंय, तेवढीच तुला शांतता. सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, बीपी गोळ्या घेऊनही चढलेलं. खंबाटकी घाटात डुलकी लागली आणि शेजारून बायकोने स्टिअरिंग धरलं, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आधी मानेला टेप लावली. १७ इंचांच्या वर. मग स्लीप स्टडी: डोक्यापासून पायापर्यंत वायरी चिकटवून झोपवतात. तासाला ४१ वेळा श्वास अडत होता. ३० च्या पुढे तीव्र स्लीप ॲप्निया म्हणतात. सीपॅप मशीन घेतलं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. सुरुवातीला नाकावर वळ उठायचे, हवा गळून डोळ्यांत जायची. मास्कचा साइझ बदलला तेव्हा जमलं. आता प्रवासातही बरोबर असतं. बीपी उतरलं, गोळी सुटली नाही.

चहाबाज
मशीनचा आवाज शेजारच्याला सहन होतो का? आमच्याकडे घोरण्यावरून आधीच खोल्या वेगळ्या झाल्यात.

रानजाई
वय ४८. पाळी जायच्या बेतात, पण जाताना अंगावरून इतकं जायचं की ऑफिसला दुसरा ड्रेस न्यावा लागे. दुपारी कीबोर्डवरच मान पडायची. हिमोग्लोबिन ८.२ निघालं (बायकांना १२ तरी हवं), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तळाला. रात्री अंथरुणात पाय शिवशिवायचे, हलवल्याशिवाय चैन पडायची नाही. तेही लोह कमी असल्यानेच, असं डॉक्टर म्हणाल्या. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, दिसला. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही.

पिठलंभात
रोज रात्री ॲलर्जीची जुनी गोळी, क्लोरफेनिरामाइन. दुसऱ्या दिवशीही पेंग. डॉक्टरांनी फारशी पेंग न आणणारी फेक्सोफेनाडिन दिली, विषय संपला.

नदीकाठ
शाकाहारी, वर मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. दोन्हींनी बी-१२ घटतं हे कुणी बोललं नव्हतं. इंजेक्शनांनी पायाच्या मुंग्या गेल्या, पेंग मात्र अर्धीच. उरलेली अर्धी दुपारच्या भाताच्या डोंगरामुळे, असं सौ. म्हणते. शुगर मोजली तर तिचंच खरं निघालं.

मगरपट्टा
मला रोगबिग काही नाही. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रात्री साडेबारापर्यंत, पोरांची शाळा सकाळी सातला. झोपच मिळत नाही, तर येणार नाही का? त्यात संध्याकाळची कॉफी. तिचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनीही शिल्लक असतो.

अबोली
माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. बाबा गेल्यापासून दिवसभर झोपायचे, जागं राहण्यात रसच नव्हता. नैराश्य निघालं. हे कारणही लिहिलेलं असावं म्हणून लिहिलं.

डॉक्टरीणबाई
जनरल प्रॅक्टिस करते. एपवर्थ स्केल भरा: वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत बसल्यावर डुलकी लागायची शक्यता किती, असे आठ प्रश्न, एकूण गुण २४. दहाच्या वर गेलात तर तपासून घ्या. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणीही करून बघा, थायरॉइड मंदावलं तरी अशीच सुस्ती येते. घोरणाऱ्यांनी मनाने झोपेची गोळी घेऊ नये, श्वास आणखी अडू शकतो.

चहाबाज
भरलं. मी स्वतःला ६ दिले, बायकोने मला १५. स्लीप स्टडीची वेळ घेतलीय.

घाटवाट
मशीनचा आवाज पंख्याहून कमी. आणि स्टडीला जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नका, वायरी चिकटत नाहीत.