साखर वाढते असंच नाही, पडतेही
ताई, थायरॉइडच्या गोळ्या चालू असताना इन्सुलिन अँटीबॉडी (इन्सुलिनला चिकटणारी प्रतिद्रव्यं) पॉझिटिव्ह आली, म्हणजे आता इन्सुलिन टोचावं लागणार का, असं विचारलंयत. अहो, उलटही असू शकतं!

माझ्या वहिनीला ग्रेव्हजसाठी (थायरॉइड जास्त काम करण्याचा आजार) कार्बिमाझोलची गोळी चालू होती. एकदा ठाण्याहून वाशी लोकल पकडली आणि ऐरोली यायच्या आत दरदरून घाम, हात इतके थरथरत होते की पर्सची चेन उघडेना. समोरच्या काकूंनी चिक्की दिली म्हणून निभावलं. पुढे एका पहाटे मीटरवर साखर ४८, म्हणजे फारच कमी. मधुमेह नाही, इन्सुलिन कधी टोचलेलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी 'उपास कमी करा' म्हणून परत पाठवलं (ती उपास करतच नाही).

याला हिराता आजार म्हणतात, जपानमध्ये १९७० साली नोंदलेला. तसा दुर्मिळच. कार्बिमाझोलचं शरीरात मेथिमाझोल होतं आणि त्याने काहींच्या शरीरात अशा अँटीबॉडी तयार होतात. जेवणानंतर त्या इन्सुलिन धरून ठेवतात आणि काही तासांनी भलत्याच वेळी सोडतात. औषध बदललं की बहुतेकांचं थांबतं, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हाशिमोटोवाल्यांची (थायरॉइड कमी पडणाऱ्यांची) थायरॉक्सिनची गोळी वेगळी, ती ही नव्हे.

एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जाताना कुठली गोळी कधीपासून, हे लिहून न्या. अल्फा लिपोइक ॲसिड हे सप्लिमेंट घेत असाल तर तेही सांगा, त्यानेही हे होतं.