पारदर्शक फेसवॉश जेल घट्ट करायला काय वापरता?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, घरी फेसवॉश करतेय, १०० ग्रॅमची बॅच. डेसिल ग्लुकोसाइड १५, कोको बिटेन १० (दोन्ही फेस करणारे सौम्य घटक), ग्लिसरीन ५, घट्टपणासाठी झँथन गम १, प्रिझर्वेटिव्ह १, बाकी डिस्टिल्ड वॉटर. चेहरा छान स्वच्छ होतो, ओढल्यासारखा वाटत नाही, पण जेल पेजेसारखं गढूळ दिसतं आणि बोट वर केलं की तार लोंबते. मला काचेसारखं आरपार हवंय, बहिणीच्या डोहाळजेवणाला छोट्या बाटल्या द्यायच्यात. कोणी म्हणतं मीठ घाल, कोणी म्हणतं कार्बोमर (जेल घट्ट करायची पावडर), काय करू?

उत्तर १:
ताई, मिठाच्या नादी लागू नका. एसएलईएसवाल्या (हा नेहमीचा फेस करणारा घटक) शाम्पूत चिमूटभर मिठाने घट्टपणा येतो (तिथेही जास्त पडलं की उलट पातळ होतं), ग्लुकोसाइडला मीठ दाद देत नाही. कार्बोमर मी करून बघितलंय, जेल अगदी स्फटिकासारखं झालं होतं आणि बिटेन ओतलं तशी डोळ्यादेखत त्याची आमटी झाली. बिटेनमध्ये बनतानाच मीठ राहिलेलं असतं आणि कार्बोमरला मीठ सोसत नाही.

उत्तर २:
एचईसी घ्या, म्हणजे हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज. मिठाला घाबरत नाही, तार धरत नाही, दिसतंही स्वच्छ. दीड ग्रॅम पावडर आधी ग्लिसरीनमध्ये नीट कालवा, कोरडी थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि मग त्या फोडत बसावं लागतं. मग ६०-७० अंश गरम पाण्यात घालून ढवळत राहा, पहिली काही मिनिटं नुसतं पाणीच वाटेल, धीर सोडू नका, मग एकदम दाटतं. गार झालं की ग्लुकोसाइड आणि बिटेन चमच्याने हळूच मिसळा, ब्लेंडर अजिबात नको, फेस अडकला की पारदर्शकपणा गेलाच.

उत्तर ३:
झँथनच ठेवायचं असेल तर क्लिअर ग्रेड, म्हणजे पारदर्शक जेलसाठीचं, मागून घ्या, बेकिंगचं नेहमीचं गढूळच असतं. तार मात्र त्यालाही थोडी राहणारच. आणि पीएच तपासता ना? डेसिल ग्लुकोसाइड बरंच अल्कधर्मी असतं, सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने साडेपाचच्या आसपास आणा, गर्भारपणात त्वचा आधीच नाजूक झालेली असते. सुगंधी तेल तर घालूच नका, त्याने जेल परत गढूळ होईल ते वेगळंच.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार! एचईसीने केलं, बुडबुडे बसायला रात्रभर झाकून ठेवलं, सकाळी बरणी पेपरवर ठेवली तर खालची बारीक जाहिरात वाचता आली. पीएच ५.५. पंपातून जरा जड येतंय, पुढच्या वेळी सव्वा ग्रॅमच घालते.