केरळ ट्रॅव्हल मार्टला लहान सहल-व्यावसायिकाने जावे का?

वाशिष्ठीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

चिपळूणमध्ये माझा सहली आयोजित करण्याचा लहानसा व्यवसाय आहे. वर्षाकाठी आठ-दहा गट निघतात आणि त्यांतले चार हमखास केरळचे असतात: दिवाळीच्या सुटीत दोन, जानेवारीत ज्येष्ठ नागरिकांचा एक आणि एप्रिलच्या अखेरीस एक. केरळातली हॉटेले, गाड्या आणि हाउसबोटी आजवर मी मुंबईतल्या एका होलसेलरकडून घेत आलो. दर ठीक मिळत होते आणि माझा त्रासही वाचत होता, त्यामुळे मधल्या माणसांची साखळी किती लांब आहे याचा मी कधी विचारच केला नाही.

गेल्या दिवाळीत तो करावा लागला. अलेप्पीच्या धक्क्यावर 26 जणांना घेऊन पोहोचलो, तेव्हा आमच्यासाठी ठरलेल्या दोन मोठ्या हाउसबोटी दुसऱ्या गटाला देऊन झाल्या होत्या. आमची वाटणी चार जुन्या बोटींवर करण्यात आली, एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या बोटींवर गेली, आणि एका बोटीतले वातानुकूलन रात्री अकरा वाजता बंद पडले ते सकाळपर्यंत सुरू झाले नाही. होलसेलरने कोचीच्या एजंटकडे बोट दाखवले, एजंटने बोटमालकाकडे, आणि बोटमालकाला माझे नावही ठाऊक नव्हते. त्या बोटीत 71 वर्षांच्या एक आजी होत्या. सकाळी त्या मला फक्त एवढेच म्हणाल्या, ‘तुझ्या शब्दावर आले रे मी.’ हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

तेव्हापासून ज्यांच्याकडे माझी माणसे उतरतात, त्यांना स्वतः भेटायचे असे मी ठरवले आहे. केरळ ट्रॅव्हल मार्ट, म्हणजे केरळातले पर्यटन-व्यावसायिक आणि बाहेरचे सहल-आयोजक यांचा व्यापारी मेळावा, दर दोन वर्षांनी कोचीत भरतो, त्यामुळे 2024 नंतरचा मार्ट 2026 चा. माझ्यासारख्या, वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे माणसे केरळला नेणाऱ्याला तिथे बायर, म्हणजे खरेदीदार, म्हणून प्रवेश मिळतो का? मिळाला, तर चार दिवस दुकान बंद ठेवून जाण्याइतका उपयोग होतो का? आणि हॉटेलांशी थेट करार करावा की कोचीतला एखादा खात्रीचा एजंट शोधावा? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदातीर यांचे उत्तर

मी 2018 आणि 2024 अशा दोन मार्टना नाशिकहून बायर म्हणून गेलो आहे. माझाही व्यवसाय फार मोठा नाही, त्यामुळे प्रवेशाबद्दलची तुमची शंका मी समजू शकतो. अर्जात तुमच्या व्यवसायाची माहिती विचारतात आणि तिची छाननी होते, परंतु पाहतात ते मुख्यतः हेच की तुम्ही खरोखर केरळला माणसे पाठवता का. मागच्या दोन-तीन वर्षांतले गट, त्यांच्या तारखा आणि माणसांची संख्या स्वच्छ लिहून द्या. आकडा लहान असला तरी तो खरा असावा. फुगवलेला आकडा पहिल्याच भेटीत उघडा पडतो.

मार्ट विलिंग्डन बेटावरच्या सागरा आणि समुद्रिका या सभागृहांत भरतो. हे बेट निसर्गाने दिलेले नाही. कोची बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून ते उभे राहिले, आणि त्या कामाशी रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याचे नाव जोडलेले आहे. विमानतळ नेदुंबासेरीला, म्हणजे तीस किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि सकाळच्या वाहतुकीत हे अंतर फार जाणवते. तुम्हाला मात्र चिपळूणहून नेत्रावती एक्सप्रेस सोयीची. एर्नाकुळम जंक्शनला उतरलात की बेट जवळच आहे. सप्टेंबरात कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू असते, म्हणून पोहोचण्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा.

आत गेल्यावरचे काम असे चालते: विक्रेते केरळातले, आणि त्यांत तारांकित हॉटेलांपासून होमस्टे, आयुर्वेद केंद्रे, हाउसबोटी आणि गाड्या पुरवणारे असे सगळे. भेटी आधीच संगणकावर ठरवायच्या असतात. तुम्ही विनंती करता, ते स्वीकारतात किंवा तेही तुम्हाला विनंती पाठवतात, आणि प्रत्येक भेटीला मोजकी मिनिटे मिळतात. पहिल्या वेळी मी मोठ्या हॉटेलांची नावे पाहून सगळ्या वेळा भरून टाकल्या आणि माझ्या गटांना परवडतील अशा तीस-चाळीस खोल्यांच्या हॉटेलांसाठी वेळच उरला नाही. तुम्ही आधी तुमचा मार्ग कागदावर मांडा, प्रत्येक मुक्कामासाठी तीन किंवा चार नावे काढा आणि तेवढ्याच भेटी पक्क्या करा.

2018 चा मार्ट मला जास्त आठवतो. त्या ऑगस्टमध्ये केरळात 1924 नंतरचा सर्वांत मोठा पूर आला होता आणि सप्टेंबरच्या अखेरीस मार्ट भरला. मुन्नारच्या एका विक्रेत्याने दरपत्रक बाजूला सारून आधी खिशातला मोबाइल काढला आणि त्या आठवड्यात घेतलेली रस्त्याची छायाचित्रे एकेक करून दाखवली: इथे दरड होती, इथून एकच गाडी जाते, हा पूल अजून बंद आहे, म्हणून तुमचे लोक या बाजूने आणा. दर त्याने शेवटी सांगितला. त्याच्याशी माझा व्यवहार आजही चालू आहे. जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या चिपळूणकराला असा माणूस ओळखायला वेळ लागणार नाही.

2024 च्या मार्टवरही वायनाडच्या भूस्खलनाची छाया होती. 30 जुलैच्या त्या दुर्घटनेमुळे ऑगस्टमधली अलेप्पीच्या पुन्नमडा तळ्यातली नेहरू करंडक नौकाशर्यत पुढे ढकलली होती आणि ती नेमकी 28 सप्टेंबरला, मार्ट चालू असतानाच झाली. त्या शनिवारी अलेप्पीच्या टेबलांवरची माणसे बोलत आमच्याशी होती, पण कान पुन्नमडा तळ्याकडे लागलेले होते.

कायलकिनारा यांचे उत्तर

मी मूळचा साताऱ्याचा. गेली चौदा वर्षे एर्नाकुळमला हॉटेलच्या विक्री विभागात काम करतो. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने चार गोष्टी सांगतो, त्या तुमच्या उपयोगी पडाव्यात.

तीन दिवसांत आम्ही शंभरावर माणसांना भेटतो आणि त्यांतले बहुतेक एकच वाक्य बोलतात, ‘तुमचे बेस्ट रेट पाठवा.’ अशांना आम्ही छापील दरपत्रक पाठवतो आणि विसरून जातो. याउलट एखादा म्हणतो की नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे 26 लोक येतील, अकरा डबल, एक ट्रिपल आणि एक सिंगल खोली लागेल, नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरून दर द्या, आणि मी अमुक तारखेपर्यंत आगाऊ रक्कम भरतो. तेव्हा आम्ही वही काढतो. गट लहान आहे म्हणून संकोच करू नका. दरवर्षी त्याच आठवड्यात येणारा लहान गट आम्हाला एकदाच येणाऱ्या मोठ्या गटापेक्षा अधिक मोलाचा असतो, कारण त्याच्यावर आम्हाला हिशेब मांडता येतो.

दराइतकीच त्याभोवतीची कलमे महत्त्वाची असतात. ब्लॅकआउट तारखा कोणत्या, म्हणजे कराराचा दर कोणत्या दिवशी लागू नसतो, हे आधी विचारा. दिवाळीच्या गर्दीचा आठवडा त्यांत सहसा येतोच. खोल्या किती दिवस आधीपर्यंत विनादंड परत करता येतात, किती माणसांमागे एक माणूस मोफत, टूर मॅनेजर आणि चालकाची झोपायची व्यवस्था काय, दर करासहित की करावेगळा, हे सगळे ईमेलवर लिहून घ्या. ख्रिसमस ते नवीन वर्ष या काळात गाला डिनरची सक्ती असते. तुमचा गट तेव्हा नसतो, पण पुढे कधी नेलात तर लक्षात ठेवा.

तुमच्या तारखांबद्दलही बोलायला हवे. दिवाळीच्या सुमारास इथे परतीचा पाऊस, म्हणजे तुलावर्षम, असतो. सकाळ लख्ख आणि दुपारनंतर गडगडाटासह पाऊस, असा त्याचा स्वभाव आहे, म्हणून मुन्नारमधले फिरणे दुपारपूर्वी उरकेल अशी आखणी करा. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात शबरीमलेच्या भाविकांमुळे कुमिळी-ठेक्कडीच्या रस्त्यावर गर्दी असते आणि टेम्पो ट्रॅव्हलर मिळणे कठीण होते. ज्येष्ठांचा गट मकरसंक्रांतीनंतर आणलात, तर त्यांचे प्रवासातले तास कमी होतील. फेब्रुवारी-मार्चकडे मात्र सरकवू नका, कारण त्या काळात नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी इरविकुळम राष्ट्रीय उद्यान बंद ठेवतात आणि मुन्नारला येणारा प्रत्येक जण तेच पाहायला येतो.

थेट करार की एजंट, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. हॉटेले तुम्ही थेट घ्या. गाड्या आणि अडीअडचण यांसाठी कोचीतला एक एजंट ठेवा. रात्री दहा वाजता अडिमालीच्या घाटात गाडी बंद पडली, तर चिपळूणहून तुम्ही दुसरी पाठवू शकणार नाही. त्या माणसाला त्याचे पैसे मोकळ्या मनाने द्या, फक्त तो कोण आहे हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

एक छोटी गोष्ट राहिली. ज्येष्ठांच्या गटासाठी स्वयंपाक खोबरेल तेलात होतो का, हे विचारा. कोकणातल्या माणसाला नारळाचे वावडे नाही, पण तेलाचा तो वास अनेकांना दुसऱ्या दिवसापासून नकोसा होतो. आधी सांगितले, तर कोणतेही हॉटेल दुसरे तेल वापरते.

पाऊलखुणा यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडते. मीही पुण्यात हाच व्यवसाय करते आणि मार्टला एकदा जाऊन आले आहे. तुमची अडचण हाउसबोटीची होती, आणि हाउसबोट सभागृहात कळत नाही. तिथे टेबलावर गुळगुळीत कागदावरची चित्रे असतात, आणि चित्रातली प्रत्येक बोट नवीच दिसते. म्हणून मार्टला जरूर जा, पण त्याला जोडून दोन दिवस अलेप्पीसाठी राखून ठेवा. ते शक्य नसेल, तर मार्ट सोडा आणि अलेप्पीला जा.

तिथे सकाळी नऊनंतर धक्क्यावर उभे राहावे. आदल्या दिवशीचे पाहुणे नऊच्या सुमारास उतरतात आणि नवे बारा वाजता चढतात, त्यामुळे मधले तीन तास बोट जशी आहे तशी दिसते. मी पाहते ते असे: खोलीतली गादी उचलून खालची फळी ओली आहे का; स्नानगृहातले पाणी निचरते की साचते; जनित्र कुठे बसवले आहे आणि त्याच्या धुराची दिशा झोपण्याच्या खोलीकडे आहे का. मग जनित्र सुरू करायला लावून दहा मिनिटे त्याच खोलीत बसते. वातानुकूलन दिवसभर आहे की फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा, हे तेव्हाच विचारून घेते, कारण पुष्कळ बोटींत ते रात्रीपुरतेच असते आणि पाहुण्यांना हे कोणी सांगितलेले नसते. मासेमारीची जाळी लागतात म्हणून सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास बोटी काठाला लावतात; ती जागा कोणती, आणि तिथे वीज किनाऱ्यावरून घेतात का, हाही प्रश्न महत्त्वाचा.

त्यानंतर कागदपत्रे. बोटीची नोंदणी, विमा, किती माणसांची परवानगी आहे आणि सुरक्षा जॅकेट तेवढी आहेत का, हे मी स्वतः मोजते. पर्यटन विभागाचे गोल्ड स्टार किंवा सिल्व्हर स्टार वर्गीकरण असेल, तर प्रमाणपत्राची मुदतही पाहते. काही जणांना हे अति वाटते. 30 सप्टेंबर 2009 रोजी ठेक्कडीच्या तलावात बोट उलटून 45 माणसे गेली, आणि 7 मे 2023 रोजी तानूरला क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली बोट उलटून 22 जण गेले, त्यांत लहान मुले होती. माझ्या शब्दावर कोणी पाण्यात उतरणार असेल, तर जॅकेट मोजायला मला लाज वाटत नाही.

आणि शेवटी बोटीचे नाव व नोंदणी क्रमांक व्हाउचरवर लिहून घ्या. ‘डीलक्स, दोन खोल्यांची’ एवढेच लिहिलेले असेल, तर धक्क्यावर कोणतीही बोट तुमची होऊ शकते. तुमच्या दिवाळीच्या व्हाउचरवर बहुधा हेच लिहिलेले असणार.

वाशिष्ठीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. पाऊलखुणाताई, तुमचे उत्तर वाचून जुनी फाइल काढली. व्हाउचरवर ‘प्रीमियम हाउसबोट, दोन’ एवढेच आहे. बोटीचे नाव नाही, क्रमांकही नाही. मी ते तेव्हा वाचले होते आणि मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

असे ठरवले आहे: मार्टसाठी बायर म्हणून अर्ज करतो, आणि प्रवेश मिळो अथवा न मिळो, त्याच आठवड्यात नेत्रावतीने निघतो. मिळाला तर मुन्नार, ठेक्कडी आणि कोची इथल्या मिळून दहा-बारा भेटी, त्याही कायलकिनारा यांनी सांगितल्याप्रमाणे तारखा आणि खोल्यांची संख्या हातात घेऊन. आणि त्यानंतरचे दोन दिवस अलेप्पीचा धक्का. ज्येष्ठांचा गट 18 जानेवारीनंतर हलवण्याबद्दल आज चौघांशी फोनवर बोललो, तिघे तयार आहेत. त्या आजींनाही फोन केला. त्या म्हणाल्या की यायचे आहे, पण बोटीत झोपणार नाही. तर कायलकिनारा, अलेप्पीत किंवा कुमारकोमला, तळ्याच्या काठी, तळमजल्यावर खोली देणारा एखादा चांगला होमस्टे तुमच्या माहितीत असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवाल का?